येर्बा माते घरी करताना: पाणी, उतार आणि नळी

नाचणीसत्त्व

येर्बा माते, म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं एका झाडाच्या पानांचं पेय, आता आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतो. पण पाकिटावरच्या सूचना बहुधा स्पॅनिशमध्ये असतात. मग आपण सवयीने त्याला चहासारखं आधणात टाकतो, तो कडूजहर होतो आणि अर्धं पाकीट कपाटात मागे पडून राहतं. इतकं चांगलं पेय असं वाया जाऊ नये, म्हणून हा धागा. चुकलं तर दुरुस्त करा, भर घाला.

आधी शब्द. येर्बा म्हणजे वाळवून कुटलेली पानं. झाडाचं शास्त्रीय नाव आयलेक्स पॅराग्वारिएन्सिस. अर्जेंटिनाचा मिसिओनेस प्रांत, त्याला लागून कोरिएन्तेसचा ईशान्य भाग, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझील हा त्याचा मुलूख. ग्वारानी लोक युरोपियन येण्याच्या कितीतरी आधीपासून ही पानं वापरत होते. 'माते' हा शब्द मात्र केचुआ भाषेतल्या 'माती'वरून आला, अर्थ भांडं. त्यामुळे माते म्हणजे पेय आणि माते म्हणजे भांडंही. उच्चारात जोर 'मा'वर. मराठीत ऐकताना आईला घातलेली हाक वाटते, म्हणून गोंधळ नको, भांडं मुळात वाळलेल्या भोपळ्याचं असतं, तर इथे त्याला सरळ भोपळा म्हणू. ज्या धातूच्या नळीने पितात ती बोम्बिया. तिच्या खालच्या टोकाला गाळणी असते.

आता कृती. काठोकाठ २०० मिली मावणारा भोपळा धरू.

१. भोपळा दोन तृतीयांश भरेल इतका येर्बा घाला. वजनात साधारण ४० ग्रॅम. आकडा बघून घाबरू नका, एवढ्या येर्बावर पाऊण ते एक लिटर पाणी प्यायचं असतं. चमचाभर टाकून भोपळ्यात माते होत नाही.

२. तोंडावर तळहात दाबून भोपळा उपडा करा आणि चार-पाच वेळा हलवा. बारीक भुगा वर येऊन तळहाताला चिकटतो. तो झटकून टाका. भुगा तळाशी राहिला तर पुढे नळीत तोच जातो.

३. भोपळा तिरका धरूनच हळूहळू सरळ करा. सगळा येर्बा एका बाजूला कलला पाहिजे, डोंगरासारखा. एका कडेला तो जवळजवळ काठापर्यंत, दुसरीकडे खाली खळगा. हा उतार म्हणजे अख्ख्या कृतीचा जीव.

४. खळग्यात कोमट पाणी सोडा, ४० ते ४५ अंशांचं, तीन-चार टेबलचमचे. पानं ते पिऊन फुगतात. दोन मिनिटं थांबा.

५. बोम्बियाच्या वरच्या तोंडावर अंगठा दाबून ती खळग्यातल्या ओल्या भागात तळापर्यंत घाला आणि मग अंगठा काढा. अंगठ्यामुळे नळीत हवा अडकून राहते आणि घालताना भुगा आत शिरत नाही. एकदा बसवली की नळीला हात लावायचा नाही. चहा ढवळल्यासारखं ढवळणं तर अजिबात नको.

६. आता ७५ ते ८० अंशांचं पाणी, बारीक धारेने, नळीच्या अगदी मुळाशी. एका वेळी ३० ते ५० मिली. वरचा कोरडा डोंगर भिजू द्यायचा नाही. पाणी संपून नळी खळखळली की पुढची धार.

कोरडा भाग राखण्याचं कारण साधं आहे. सगळी पानं एकदम भिजली तर पहिल्या दोन-तीन भरण्यांत सगळा अर्क उतरतो आणि पुढे मचूळ पाणी उरतं. उतार असला की प्रत्येक धारेला थोडी नवी पानं भिजतात आणि चव शेवटपर्यंत टिकते.

---

पाणकणीस

छान मांडलंय. पण ७५-८० अंश घरात ओळखायचे कसे? थर्मामीटर प्रत्येकाकडे नसतो. आणि उकळतं पाणी घातलं तर नेमकं काय बिघडतं?

---

नाचणीसत्त्व

@पाणकणीस, मापाने करा. ७०० मिली खळखळ उकळलेलं पाणी थर्मासमध्ये ओता आणि त्यात माठातलं नव्हे, खोलीच्या तापमानाचं ३०० मिली पाणी मिसळा. खोली २७ अंशांची असेल तर हिशेबाने ७८ अंश येतात. थर्मास गार असेल तर आणखी दोन-तीन अंश तो स्वतःच खातो, म्हणून आधी गरम पाण्याने विसळून घ्या.

कान वापरायचा असेल तर पातेल्याकडे लक्ष द्या. पाणी सूं सूं करू लागतं आणि तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरतात, पण वर सुटत नाहीत. तिथे गॅस बंद. आधण आलं की उशीर झाला.

उकळतं पाणी घातल्यावर कडू आणि तुरट अंश भसकन उतरतात. तिकडे म्हणतात येर्बा जळला. चव राखेसारखी लागते, फेस लवकर जातो आणि दहाव्या भरण्याऐवजी चौथ्या-पाचव्यालाच माते 'लावादो' होतो, म्हणजे धुतला जातो. एकदा जळला की नंतर गार पाणी घालून तो परत येत नाही. चोथा टाकून नवा भरणे हाच उपाय.

फेसावर नजर ठेवा. पानांत सॅपोनिन असतात, त्यामुळे ताज्या भरण्यात धारेच्या जागी हिरवट-पिवळा फेस धरतो. फेस विरळ होत गेला की समजायचं, ही बाजू संपत आली.

---

दोनप्रहर

उरुग्वेच्या पद्धतीबद्दल भर घालते. उरुग्वेत येर्बा जवळजवळ पिकत नाही, बहुतेक ब्राझीलमधून येतो, पण दरडोई खप जगात सर्वांत जास्त. काखेत थर्मास आणि हातात भोपळा घेऊन चालणारी माणसं मोंतेविदेओत कुठेही दिसतात.

तिथला येर्बा बारीक असतो. भुगा भरपूर, काड्या फार कमी. 'कानारियास' हे त्यातलं ओळखीचं नाव. याला वरची पायरी २ लावून भुगा झटकत बसू नका. तो भुगाच त्याची चव आहे, सगळा झटकला तर हाती काही उरणार नाही. त्याऐवजी ओला करून थांबायचा वेळ वाढवा, पाच मिनिटं तरी. पानं फुगून एकमेकांना धरली की भिंत तयार होते आणि मग नळी घालायची. नळीही बारीक भोकांची, चमच्याच्या आकाराची हवी. स्प्रिंगवाली नळी इथे हमखास तुंबते.

चव उतरली की तिथे सगळं फेकत नाहीत. भिजून संपलेला थोडा चोथा चमच्याने काढतात आणि त्या जागी नवा येर्बा भरतात. याला 'एन्सिशार' म्हणतात, म्हणजे घोड्यावर खोगीर घालणे. महाग येर्बा पुरवून वापरायचा तर ही युक्ती लाख मोलाची.

---

कासारवाडा

नळी तुंबते हीच माझीही अडचण. 'रोसामोन्ते'चं पाकीट आहे, नळी स्प्रिंगची. तिसऱ्या-चौथ्या घोटाला हवाच येत नाही.

---

नाचणीसत्त्व

@कासारवाडा, नळी तुंबायला बहुधा यांपैकी एक कारण असतं. कोरड्या येर्बात नळी खुपसली. किंवा पहिलाच घोट जोरात ओढला, त्यामुळे न फुगलेला भुगा थेट जाळीवर बसला. किंवा पिताना नळी इकडेतिकडे हलली आणि भिंत ढासळली. तिसरं सर्वांत जास्त होतं, कारण हाताला चाळा लागतो.

पहिले दोन घोट सावकाश, ओठ नुसते टेकवून ओढा. तुंबलीच तर नळी तिरकी उपसून धुवा आणि त्याच भोकात परत बसवा. एकटेच पीत असाल तर हलकी फुंकर मारूनही चालते. चारचौघांत फिरणाऱ्या भोपळ्यात फुंकू नये.

'रोसामोन्ते' किंवा 'तारागुई'सारख्या अर्जेंटिनी येर्बात काड्या असतात. त्या असण्यात खोट नाही. अर्जेंटिनाच्या नियमाप्रमाणे 'काड्यांसह' लिहिलेल्या येर्बात किमान ६५ टक्के पानं लागतात, 'काड्यांविना' असेल तर ९० टक्के. काड्यांमुळे चव सौम्य होते आणि पानांत पाण्याला वाट राहते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने काड्यांचाच घ्यावा. पाकिटावर 'कॉन पालो' असं असेल.

---

मिरजेचा पूल

हे भोपळे नक्की कसले? फोटोंत तर ते आपल्या दुधीसारखे दिसतात. घरी वाळवून करता येईल का?

---

शेतमळा

दिसतो काय, जात तीच. लॅजेनेरिया सिसेरारिया, म्हणजे आपला दुधी. याच जातीतले मोठे, जाड सालीचे भोपळे पंढरपूरकडून मिरजेला तंबोरे-सतारींसाठी जातात. मातेसाठी लहान, गोल बुडाचे वाण लावतात.

पण तीन गोष्टी नीट वाचा. बाजारातला भाजीचा दुधी कोवळा असतो, त्याची साल वाळून सुरकुतते, भांडं होत नाही. वेलावरच पूर्ण पिकून, देठ वाळून, टणक झालेला हवा. दुसरं, वाद्यासाठी तयार केलेला भोपळा खाण्यापिण्याला कधीही वापरू नका. त्याला कीड लागू नये म्हणून औषध लावलेलं असू शकतं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. कडू निघालेल्या भोपळ्यात कुकरबिटासिन असतं आणि ते विषारी आहे. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. वाळलेल्या भोपळ्याची आतली साल जिभेला लावून बघा. कडू लागली तर त्याचं शोभेचं भांडं करा, त्यात पाणी पिऊ नका. येर्बा स्वतःच कडू असल्याने पिताना हा फरक कळणार नाही, म्हणून परीक्षा आधीच करायची.

---

दोनप्रहर

@शेतमळा यांचा इशारा सोन्यासारखा आहे. तयार भोपळा आणला तरी तो सिद्ध करावा लागतो, त्याला 'कुरार' म्हणतात. आत गरम पाणी घालून विसळा. मग आधी वापरलेला ओला चोथा काठापर्यंत भरा, वर गरम पाणी घाला आणि २४ तास तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी चोथा काढून बोथट चमच्याने आतून हलकेच खरवडा. मऊ पडलेला पांढरट पापुद्रा सुटून येतो. विसळा, पुन्हा भरा, पुन्हा एक दिवस. दोन-तीन वेळा केलं की आतून तपकिरी आणि गुळगुळीत होतो.

खरवडताना तळाच्या मध्यभागी छोटी गाठ लागेल. ती उकरू नका. भोपळ्याचा तो जन्मजात बंद असतो, निघाला तर तळ गळायला लागतो.

काही ठिकाणी भोपळा पाण्यात उकळा असं लिहिलेलं असतं. माझ्या मते ते करू नये. साल सुटते आणि तडे जातात. काच, स्टील, चिनी माती, सिलिकॉन यांना हे काहीच लागत नाही, धुतलं की झालं.

---

पाणकणीस

मुंबईत हा भोपळा पावसाळ्यात टिकेल का?

---

शेतमळा

जून ते सप्टेंबर, कोकणात आणि मुंबईत, खरं सांगायचं तर स्टीलचं दुहेरी भिंतीचं भांडं वापरा. भोपळा आणि लाकूड दोन्ही ओल धरतात. ओला चोथा रात्रभर राहिला की सकाळी पांढरी बुरशी आणि कुबट वास.

भोपळाच वापरायचा असेल तर प्यायल्याबरोबर चोथा काढा, नुसत्या पाण्याने विसळा (साबण नको, वास मुरतो), आतून कापडाने टिपा आणि आडवा ठेवून पंख्याखाली वाळवा. पालथा घातला तर आतली वाफ कोंडते. बुरशीचे ठिपके दिसलेच तर उकळतं पाणी आत फिरवून, खरवडून, कडक उन्हात दोन-तीन दिवस. तरी वास राहिला तर टाकून द्या.

येर्बाचं पाकीटही तसंच जपा. हवाबंद डब्यात, मसाल्याच्या डब्यापासून लांब. गरम मसाल्याचा वास तो आठवड्यात ओढून घेतो. ब्राझीलचा 'शिमाहाँव'साठीचा (तिथल्या मातेचं हे नाव) हिरवागार, पिठासारखा येर्बा तर फ्रीजमध्येच ठेवावा. अर्जेंटिनात येर्बा महिनोन्‌महिने मुरवतात, ब्राझीलचा ताजाच दळतात, म्हणून त्याचा रंग आणि गवतासारखा वास लवकर उडतो.

---

गवतीचहा

उकाड्यात गरम माते नको वाटतो त्यांनी तेरेरे करा. पॅराग्वेचं पेय, येर्बा तोच, पाणी बर्फाचं. २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत पॅराग्वेच्या औषधी वनस्पतींच्या परंपरेसह तेरेरेची नोंद झाली. भांडं गाईच्या शिंगाचं, त्याला ग्वाम्पा म्हणतात. घरी स्टीलचा पेला चालतो.

पेला दोन तृतीयांश येर्बाने भरा. 'पहारितो' किंवा 'कुरुपी'सारखा पॅराग्वेचा, जाडसर कुटलेला मिळाला तर उत्तम. एक लिटर पाणी, त्यात भरपूर बर्फ. पहिली धार घालून पानांना पिऊ द्या. तिथे म्हणतात ही सान्तो तोमासची, म्हणजे संत थॉमसची. मग नळी बसवून प्यायला सुरुवात. गार पाण्यात कडू अंश हळू उतरतात, त्यामुळे इथे उताराची चिंता कमी आणि नवख्यांची चूकही सहज खपते.

खरी मजा पाण्यात घातलेल्या पाल्याची. पॅराग्वेत खलबत्त्यात पाला ठेचून पाण्याच्या जगमध्ये टाकतात. त्यातला एक पाला म्हणजे आपला गवती चहा! चार-पाच पाती गाठ मारून ठेचा, मूठभर पुदिना घाला, दहा मिनिटं मुरू द्या. पाला जगमध्ये टाकायचा, पेल्यात नाही, नाहीतर नळीत तंतू अडकतात.

---

कासारवाडा

साखर चालते का? आणि नळी-भोपळ्याशिवाय काही सोपं?

---

गवतीचहा

साखर चालते, पहिल्या काही धारांबरोबर अर्धा-अर्धा चमचा, नळीच्या मुळाशी. पण भोपळ्यात नको. गोडवा सालीत मुरतो, आंबतो आणि नंतर साधा मातेही गोडसर लागतो. गोडासाठी स्टीलचं किंवा काचेचं भांडं वेगळं ठेवा. संत्र्याची वाळवलेली साल बोटभर घातली तर साखरेची गरजही कमी पडते.

सोपं म्हणजे 'माते कोसिदो'. एका कपाला एक टेबलचमचा येर्बा, उकळी खाली आलेलं पाणी, झाकण ठेवून चार मिनिटं, मग दाट गाळणीने गाळा. यात दूध आणि साखर घालून अर्जेंटिनात मुलांनाही न्याहारीला देतात. फ्रेंच प्रेस असेल तर ३०० मिलीला १५ ग्रॅम, ८० अंश, चार-पाच मिनिटं. दांडा हळू दाबा, नाहीतर भुगा वर येतो.

---

अर्धाकप

प्रकृतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. येर्बात कॅफीनच असतं. 'मातेईन' नावाचं काहीतरी सौम्य द्रव्य असतं असं जाहिरातींत म्हणतात, पण रेणू तोच. वाळल्या पानांत सुमारे १ टक्का धरला तर ४० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम. सगळं उतरत नाही, पण एक लिटर संपवलंत तर कॉफीचे दोन-तीन कप तरी झालेच. सायंकाळी पाचनंतर पहिला भोपळा भरू नये. गरोदर बायकांनी दिवसाच्या २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या मर्यादेत हेही मोजावं. जेवणाबरोबर नको, पानांतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं जेवणातलं लोह नीट शोषू देत नाहीत.

जास्त महत्त्वाचं तापमान. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये गरम मातेला 'संभाव्य कर्करोगजनक' गटात टाकलं होतं. २०१६ मध्ये फेरविचार झाला आणि ठपका पेयावरून उष्णतेवर गेला. ६५ अंशांवरचं कोणतंही अतिगरम पेय त्या गटात आहे, कमी गरम मातेचं वर्गीकरण करता येत नाही असं ठरलं. नळीने प्यायल्यावर गरम घोट ओठ चुकवून थेट घशाकडे जातो, म्हणून धार घातल्यावर अर्धा मिनिट थांबा. जीभ पोळली तर पाणी निश्चित जास्त गरम आहे.

पानं पारंपरिक पद्धतीने लाकडाच्या धुरावर वाळवली असतील तर धुरातली काही नकोशी द्रव्यंही येतात. रोज पिणाऱ्यांनी 'सिन उमो', म्हणजे बिनधुराचा, असं लिहिलेला येर्बा बघावा.

---

पाणकणीस

मंडळींत फिरवायचा असेल तर काय रीत?

---

दोनप्रहर

एकच माणूस भरतो, तो सेबादोर. पहिला भोपळा तो स्वतः पितो, कारण पहिला सगळ्यात कडू आणि भुग्याचा. मग भरून एकाला देतो, तो शेवटच्या थेंबापर्यंत पितो, भोपळा सेबादोरकडे परत, मग पुढचा. मध्ये थांबून गप्पा मारत भोपळा धरून ठेवायचा नाही, बाकीचे वाट बघत असतात. दर वेळी 'ग्रासियास' म्हणू नका. धन्यवाद म्हटलं की 'मला पुरे' असा अर्थ होतो आणि पुढची फेरी तुम्हाला चुकवून जाते.

उष्ट्याचा प्रश्न आपल्याकडे येणारच. सिरिया आणि लेबनॉनमध्येही माते खूप पितात, अर्जेंटिनाहून परतलेल्यांनी तिथे नेला. तिथे छोटे काचेचे पेले असतात, आणि पेला पुढच्याला देताना नळीचं टोक लिंबाच्या फोडीने पुसून गरम पाण्याने धुतात. किंवा प्रत्येकाला आपापला भोपळा, थर्मास एकच. २०२० च्या साथीत अर्जेंटिनातही हेच करायला सांगितलं गेलं. आखातात राहणाऱ्यांना सिरियन-लेबनीज किराणा दुकानात येर्बा, पेले, नळ्या सगळं एका ठिकाणी मिळतं.

---

कासारवाडा

सगळ्यांचे आभार. शेवटचं, नळी आतून काळी पडली आहे. कशी साफ करू?

---

नाचणीसत्त्व

स्प्रिंग किंवा चमचा सुटा होत असेल तर काढा. पातेल्यात अर्धा लिटर पाणी, एक चमचा खायचा सोडा, नळी पूर्ण बुडेल अशी ठेवून दहा मिनिटं उकळा. मग बाटलीच्या बुचापेक्षा बारीक, नळीत जाईल असा लांब ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा. पांढरा क्षार धरला असेल, बोअरच्या पाण्याने धरतोच, तर दुसऱ्या पाण्यात अर्धं लिंबू पिळून पाच मिनिटं. शेवटी नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. जाळीच्या भोकांतून उजेड सारखा आला पाहिजे. जिथे अंधार दिसेल तिथे टाचणीने मोकळं करा.

आणि नळी 'आल्पाका'ची असेल तर तिच्यात निकेल असतं. ओठांना खाज किंवा पुरळ येत असेल तर साफसफाई करत बसू नका, चांगल्या स्टेनलेस स्टीलची घ्या.